प्राणिशरीरातील स्नायू : प्रस्तावना

स्नायूला एकच काम येते, ते म्हणजे आखूड होणे. आखूड होताना त्याच्या टोकांना जे जोडलेले असेल ते तो जवळ ओढतो. ढकलणे कुठल्याच स्नायूला जमत नाही. आखूड झालेला स्नायू आपल्या बळावर पुन्हा पुरता लांबही होत नाही. त्यासाठी विरुद्ध बाजूचा स्नायू, शरीराचा भार, पोकळीत भरलेला द्रव किंवा लवचिक ऊतींचा ताण लागतो. चालणे, चावणे, श्वास घेणे, रक्त फिरवणे, रवंथ करणे, वासराला जन्म देणे ही सगळी कामे या एका क्रियेतून निघतात. फरक पडतो तो तीन गोष्टींनी : स्नायू कशाला जोडलेला आहे, त्याला आदेश कोण देतो आणि त्याला ऊर्जा कशी मिळते. स्नायूंची रचना आणि कार्य समजून घेताना याच तीन प्रश्नांकडे पुन्हा पुन्हा यावे लागते.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडचा नांदगाव तालुका पर्जन्यछायेत येतो. पावसाच्या भरवशावरच्या शेतीला इथे जनावरांची जोड असते : औताचे बैल, दुभत्या गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, परसातल्या कोंबड्या. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरचे संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी राखलेले आहे. ओझे ओढणारा बैल, दिवसाचे सात-आठ तास रवंथ करणारी गाय आणि जीव घेऊन पळणारे काळवीट असे स्नायूंच्या कामाचे मुख्य नमुने एवढ्या टापूत पाहायला मिळतात. म्हणून या प्रस्तावनेत उदाहरणे शक्यतो इथलीच घेतली आहेत.

पृष्ठवंशी प्राण्यांत स्नायू ऊती तीन प्रकारच्या असतात. हाडांना जोडलेले स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या पट्ट्यांचे दिसतात, म्हणून ते पट्टकी स्नायू. जठर, आतडे, गर्भाशय, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींत असतात ते अपट्टकी स्नायू. त्यांत पट्टे नसतात. हृदयाच्या भिंतीतील स्नायू पट्टकी असूनही स्वतंत्र प्रकारचा आहे. पट्टकी स्नायू इच्छेनुसार चालतात आणि उरलेले दोन आपोआप, असे शाळेत शिकवले जाते. ते ढोबळमानाने खरे आहे, पण रवंथ करणाऱ्या प्राण्यांत त्याला एक ठळक अपवाद आहे. गाय, शेळी, मेंढी यांच्या अन्ननलिकेत घशापासून जठरापर्यंत पट्टकी स्नायू असतात. गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणताना ते झपाट्याने उलट्या दिशेने काम करतात, आणि हे सगळे प्रतिक्षिप्त क्रियेने घडते.

पट्टकी स्नायूंचा वाटा शरीरात सर्वांत मोठा आहे. सस्तन प्राण्यांत स्थूलमानाने शरीराच्या वजनाचा एक तृतीयांश ते दोन पंचमांश भाग यांचाच असतो. प्रत्येक स्नायूभोवती संयोजी ऊतीचे आवरण असते. त्याच आवरणाचे पदर आत शिरून तंतूंच्या जुड्या वेगळ्या करतात आणि टोकाला एकवटून कंडरा होतात. कंडरा हाडाला घट्ट रुतलेली असते. स्नायूचा जोर हाडापर्यंत पोहोचतो तो तिच्यामार्फत. एका सांध्यावर सहसा विरुद्ध दिशांनी ओढणारे स्नायू असतात. एक सांधा वाकवतो, दुसरा सरळ करतो. सगळेच पट्टकी स्नायू मात्र दोन्ही टोकांनी हाडाला जोडलेले नसतात. गाय-बैलांच्या धडाच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर कातडीलाच चिकटलेला असतो. पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, ती या थरामुळे.

स्नायूंच्या जोडणीला किती महत्त्व आहे हे बैलाच्या खांद्यावरून कळते. गुरांना गळ्याजवळचे आडवे हाड, म्हणजे हंसळी, नसते. खवाट्याचे हाड छातीच्या पिंजऱ्याशी कोणत्याही सांध्याने जोडलेले नसते. पुढचे दोन्ही पाय धडाशी बांधलेले असतात ते केवळ स्नायूंनी. यांतला मुख्य स्नायू फासळ्यांपासून आणि मानेच्या मणक्यांपासून निघून खवाट्याच्या आतल्या बाजूस जातो. डावा आणि उजवा मिळून छातीचा भार झोळीसारखा दोन पायांमध्ये टांगून धरतात. उभ्या बैलाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे ही जोडणी धक्के सोसणारीही ठरते. देशी बैलाचे वशिंड हे खांद्याच्या एका स्नायूची वाढ आणि चरबी मिळून बनलेले असते. जू बसते ते वशिंडाच्या पुढे मानेवर. औत ओढताना जमिनीला रेटा देण्याचे मोठे काम मागच्या पायांचे आणि पुठ्ठ्यांचे स्नायू करतात; मान आणि खांदा तो जोर जुवापर्यंत पोहोचवतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, ती नेमकी याच भागाची. हळद आणि तूप लावून चोळल्याने व शेकल्याने तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि आखडलेला भाग सैलावतो. खांदा सुजला असेल किंवा कातडी सोलवटली असेल, तर मात्र जू उतरवून विश्रांती देणे हाच उपाय.

शर्यतींच्या वादातही बैलाच्या या ठेवणीचा प्रश्न आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मनाई केली, तेव्हा बैलाचे शरीर मुळात ओढकामाचे आहे, घोड्यासारखे धावण्यासाठी घडलेले नाही, हा मुद्दा निकालात होता. पुढे महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक यांनी कायद्यात बदल केले आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ते वैध ठरवले. शरीरशास्त्रापुरते बोलायचे तर ओढकामाच्या जातींतही फरक आहेत. सोलापूर-सातारा-सांगलीकडचा खिलार चपळ चालीचा. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या डोंगराळ, मुसळधार पावसाच्या भागातला डांगी संथ आणि चिवट.

स्नायूच्या जुडीतला एकेक तंतू म्हणजे एक लांबट पेशी. तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते. भ्रूणावस्थेत अनेक पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रके असतात. तंतूच्या आत त्याहून बारीक, एकमेकांना समांतर असे तंतुक ठासून भरलेले असतात. प्रत्येक तंतुक एकापुढे एक जोडलेल्या सारख्या खंडांचा बनलेला असतो. या खंडाला सार्कोमिअर म्हणतात. विश्रांतीच्या स्थितीत त्याची लांबी सुमारे दोन ते अडीच मायक्रोमीटर असते, म्हणजे एका सेंटिमीटरच्या तंतुकात असे चार हजारांहून अधिक खंड ओळीने येतात. खंडाच्या दोन्ही सीमांपासून आत येणारे पातळ धागे ॲक्टिन या प्रथिनाचे असतात. मधोमध असलेले जाड धागे मायोसिनचे. जाड धाग्यांचा भाग गडद दिसतो आणि नुसत्या पातळ धाग्यांचा फिकट. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे आडवे पट्टे हेच. टायटिन हे तिसरे प्रथिन जाड धाग्याला सीमेशी बांधून ठेवते आणि ताणलेल्या खंडाला मूळ लांबीकडे खेचते. ज्ञात प्रथिनांतल्या सर्वांत मोठ्या रेणूंपैकी त्याचा एक आहे.

आकुंचनाच्या वेळी हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. २२ मे १९५४ च्या ‘नेचर’च्या अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी छापले गेले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रोल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघा हक्स्लींचे एकमेकांशी नाते नव्हते. आकुंचनात गडद पट्ट्याची रुंदी तशीच राहते आणि फिकट पट्टा अरुंद होतो, असे दोन्ही गटांना स्वतंत्रपणे आढळले होते. यावरून पातळ धागे जाड धाग्यांमध्ये शिरतात हे स्पष्ट झाले. मायोसिनच्या रेणूला बाहेर आलेले डोके असते. ते ॲक्टिनला चिकटते, वाकते आणि धागा सुमारे दहा नॅनोमीटरपर्यंत पुढे सरकवते. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा नवा रेणू येऊन बसला की डोके सुटते. त्या एटीपीचे विघटन झाले की ते पुढच्या ओढीसाठी सज्ज होते. एका ओढीने फार थोडे सरकते. पण असंख्य डोकी आणि हजारो खंड एकाच वेळी काम करत असल्याने संपूर्ण स्नायू दिसण्याइतका आखूड होतो.

ही डोकी सतत ओढत राहत नाहीत, याचे कारण कॅल्शिअम. स्नायू स्वस्थ असताना ॲक्टिनवरील चिकटण्याच्या जागा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाने झाकलेल्या असतात. मेरुरज्जूकडून येणाऱ्या चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन बाहेर पडले की स्नायुतंतूच्या पटलावर विद्युत्‌लहर उठते. ती आत गेली की पेशीतील जाळीदार पिशव्यांत साठवलेले कॅल्शिअम सुटते आणि पेशीद्रवातील त्याचे प्रमाण शंभर पटीच्या आसपास वाढते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला जोडले जाते, ट्रोपोमायोसिन बाजूला सरते आणि ओढ सुरू होते. ट्रोपोनिनचा शोध जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात लावला. आदेश थांबला की कॅल्शिअम पंपांनी पुन्हा पिशव्यांत भरले जाते, आणि या भरण्यालाही एटीपी लागते. म्हणजे स्नायू सैल होणे ही फुकटात होणारी गोष्ट नाही. ऊर्जा संपली तर आखडलेला स्नायू आखडलेलाच राहतो.

एक चेतापेशी अनेक तंतूंना आदेश देते, आणि तिचे सर्व तंतू एकदमच आकुंचन पावतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका चेतापेशीच्या वाट्याला मोजके तंतू येतात, म्हणून हालचाल नेमकी होते. मांडीच्या स्नायूंत ही संख्या हजाराच्या घरात जाऊ शकते. किती जोर लावायचा हे दोन मार्गांनी ठरते : किती चेतापेशी कामाला लावायच्या आणि आदेश किती झपाट्याने पाठवायचे. ही यंत्रणा बिघडली की काय होते ते शेतातही दिसते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक जनावराच्या पोटात गेले, तर ॲसिटिलकोलीनचे विघटन थांबते. स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात. धनुर्वाताचे विष चेतापेशींना आवरणारे संदेश रोखते, त्यामुळे जबडा आणि पाय ताठरतात.

स्नायूत तयार एटीपी काही सेकंद पुरेल एवढेच असते. त्यानंतर क्रिएटीन फॉस्फेटचा साठा आणखी काही सेकंद निभावतो. पुढे ग्लायकोजेनचे ऑक्सिजनविना विघटन होते. ते वेगवान, पण कमी उत्पन्नाचे असते आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होते. दीर्घ काळ चालणाऱ्या कामासाठी तंतुकणिकांत ऑक्सिजन वापरून एटीपी बनवावे लागते. या मार्गांवर अवलंबून तंतूंचेही प्रकार पडतात. संथ तंतूंत तंतुकणिका आणि ऑक्सिजन धरून ठेवणारे लाल मायोग्लोबिन भरपूर असते. ते हळू आखडतात आणि लवकर थकत नाहीत. जलद तंतू जोरदार असतात, पण त्यांतले फिके तंतू लवकर दमतात. कोंबडीच्या छातीचे मांस पांढरट असते, कारण ती क्वचित आणि थोडेच उडते. दिवसभर चालणाऱ्या तंगडीचे मांस गडद असते. लांब पल्ला उडणाऱ्या कबुतराची छाती मात्र गडद लाल असते. स्नायूला मिळालेल्या ऊर्जेचा सुमारे चौथा भागच कामात उतरतो, बाकीची उष्णता होते. थंडीत हुडहुडी भरते ती ही उष्णता मिळवण्यासाठी, आणि उन्हात जुंपलेल्या बैलाला सावली व पाणी लागते ते ती बाहेर टाकण्यासाठी. ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ल्याने जनावराला किराळ लागते, तेही ऊर्जेच्या कारखान्यावरच्या घाल्यामुळे. त्यातून निघणारे सायनाइड तंतुकणिकांतील ऑक्सिजनचा वापर रोखते. रक्त लालभडक असते, त्यात ऑक्सिजन असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही; मेंदू आणि हृदय आधी कोलमडतात.

काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठते, पण हा वेग थोड्या वेळासाठीच असतो. कुत्र्यांनी लांबवर पाठलाग केला, विहिरीत पडले किंवा जाळ्यात धडपडले, तर सुटका झाल्यावरही काही तासांनी वा दिवसांनी ते दगावू शकते. भीती आणि अतिश्रमाने स्नायूंत आम्ल साचते, शरीराचे तापमान वाढते, तंतू फुटतात आणि त्यांतले पोटॅशिअम व मायोग्लोबिन रक्तात उतरते. पोटॅशिअम हृदयाची लय बिघडवते, मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते, लघवी गडद तपकिरी होते. याला पकडजन्य स्नायुविकृती म्हणतात. ती झाल्यावर उपचारांना फारसे यश येत नाही, म्हणून भर टाळण्यावर असतो : डोळे झाकणे, सावलीत ठेवणे, गर्दी आणि आवाज दूर ठेवणे, विनाकारण हाताळणी न करणे.

हृद्‌स्नायूच्या पेशी आखूड, फाटे फुटलेल्या, बहुधा एक-दोन केंद्रकांच्या असतात आणि टोकांना विशेष चकत्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. या जोडांतून विद्युत्‌लहर थेट पुढच्या पेशीत जाते, त्यामुळे कप्प्याची सगळी भिंत एका लयीत आकसते. लय ठरवणारा पेशींचा पुंजका हृदयातच असतो. चेता तिचा वेग फक्त कमी-जास्त करतात. प्रौढ गायीचे हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण ५० ते ८० वेळा पडते. प्रत्येक आकुंचनानंतर या पेशी काही काळ नव्या आदेशाला दाद देत नाहीत, त्यामुळे हृदयाला पायासारखा गोळा येत नाही; आकसणे आणि रक्त भरून घेणे आळीपाळीने चालू राहते. आयुष्यभराच्या या कामासाठी पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. गुरांच्या हृदयात महारोहिणीच्या मुळाशी झडपांना आधार देणारे एक लहान हाडही असते.

अपट्टकी स्नायूंच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, एकाच केंद्रकाच्या असतात. ॲक्टिन आणि मायोसिन त्यांतही असते, पण ओळीने रचलेले नसते. कॅल्शिअम इथे ट्रोपोनिनऐवजी कॅल्मोड्युलिनला जोडले जाते आणि एका विकरामार्फत मायोसिनलाच चालना देते. हे आकुंचन हळू असते, पण अगदी कमी ऊर्जेत दीर्घकाळ टिकते. गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. तो घुसळण्याचे काम याच स्नायूंचे. निरोगी जनावरात दर मिनिटाला एक-दोन लाटा येतात. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली की त्या हाताला जाणवतात, आणि पशुवैद्यक तपासणीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच करतो. लाटा मंदावल्या की वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही आणि पोटफुगी होते.

विताना मेंदूतील ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते आणि गर्भाशयाच्या कळा जोर धरतात. धार काढतानाही तेच संप्रेरक काम करते. कासेतील दुधाच्या कोषांभोवती स्नायूंसारख्या आकसणाऱ्या पेशींचे जाळे असते. ते दाबले गेले की गाय पान्हा सोडते. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो, म्हणून धार रेंगाळत काढली तर दूध कासेतच राहते. गाय बिचकली तर ॲड्रिनॅलिन वाढून ही क्रिया अडते आणि ती पान्हा चोरते.

अपृष्ठवंशी प्राण्यांत हाडे नसतात, तरी ओढण्याचे तत्त्व तेच. गांडुळाच्या शरीरभिंतीत वर्तुळाकार आणि उभे असे दोन थर असतात. आतील द्रवाला एक थर दाबून शरीर लांबवतो आणि दुसरा ते आखूड करतो. कीटकांचे स्नायू बाह्य कवचाला आतून जोडलेले असतात. डास, माश्या, मधमाश्या यांच्या पंखांना चेतेचा एक आदेश अनेक फडफडींना पुरतो, कारण ताणले गेले की त्यांचे स्नायू आपोआप आखडतात. म्हणूनच सेकंदाला शेकडो फडफडी शक्य होतात. हत्तीची सोंड आणि गायीची जीभ यांतही हाड नसते. वेगवेगळ्या दिशांचे स्नायू एकमेकांवर जोर देऊन त्यांना आकार आणि ताठरपणा देतात.

सस्तन प्राण्यांत तंतूंची संख्या जन्माच्या सुमारास बहुतांशी ठरून गेलेली असते. त्यानंतर स्नायू वाढतो तो तंतू जाड आणि लांब होऊन. इजा झाली तर तंतूंच्या कडेला असलेल्या उपग्रह पेशी विभागून दुरुस्ती करतात. त्यांचा शोध अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये लावला. हृदयाची अशी दुरुस्ती जवळजवळ होत नाही. वापर थांबला की पट्टकी स्नायू झडतो, काम वाढले की भरतो.

स्नायूंवर थेट घाला घालणारा पशुरोग म्हणजे फऱ्या. त्याच्या जिवाणूंचे बीजाणू चाऱ्यातून शरीरात जाऊन स्नायूंत सुप्त राहू शकतात. मुका मार लागून त्या भागातला ऑक्सिजन घटला की ते जागे होतात. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने चांगली भरलेली वासरे त्याला अधिक बळी पडतात. पुठ्ठ्यावर किंवा खांद्यावर सूज येते, दाबली की आतल्या वायूमुळे चरचर आवाज येतो, जनावर लंगडते आणि दोन-तीन दिवसांत दगावू शकते. पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण हा खात्रीचा बचाव.

तिन्ही प्रकारचे स्नायू एकाच कारणाने ढिले पडतात ते दुग्धज्वरात. जास्त दुधाची गाय विल्यानंतर तीन दिवसांच्या आत हा त्रास बहुधा होतो. चिकासाठी एकाएकी कॅल्शिअम खर्च होते आणि रक्तातले त्याचे प्रमाण, जे १०० मिलिलिटरमागे साडेआठ ते दहा मिलिग्रॅम असायला हवे, ते निम्म्याच्या जवळ येते. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन पुरेसे सुटत नाही, म्हणून गाय उठू शकत नाही, मान एका कुशीकडे वळवून बसते. अपट्टकी स्नायू मंदावतात, रवंथ थांबते, शेण-लघवी अडते, पोट फुगते. हृदयाचे ठोके जलद, पण क्षीण होतात. नावात ज्वर असला तरी अंग आणि कान गार लागतात, कारण उष्णता देणारे स्नायूच स्वस्थ असतात. शिरेतून कॅल्शिअम दिल्यावर बऱ्याच गायी थोड्याच वेळात उठून उभ्या राहतात. ते सावकाश आणि हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते, कारण रक्तात एकदम जास्त गेलेले कॅल्शिअम हृदय थांबवू शकते.

मृत्यूनंतर एटीपी बनणे थांबते, मायोसिनची डोकी ॲक्टिनवरून सुटत नाहीत आणि शरीर ताठ होते. ऑक्सिजनविना ग्लायकोजेन वापरले जात असल्याने आम्लता वाढते. गुरांच्या मांसाचा सामू सातवरून साडेपाचच्या आसपास उतरतो. कत्तलीपूर्वी जनावर दमलेले वा घाबरलेले असेल तर ग्लायकोजेन आधीच संपलेले असते, आम्लता पुरेशी वाढत नाही आणि मांस गडद, कोरडे व लवकर खराब होणारे निघते. पुढे स्नायूतील विकरे सार्कोमिअरच्या सीमा तोडतात आणि ताठरपणा ओसरतो. ताठरपणा येण्या-जाण्याचा वेळ हवेच्या तापमानावर आणि मृत्यूपूर्वीच्या श्रमांवर ठरतो. उन्हात पाठलाग होऊन मेलेले काळवीट निवांत मेलेल्या काळविटापेक्षा लवकर ताठते, म्हणून शवविच्छेदनात मृत्यूची वेळ केवळ ताठरपणावरून काढत नाहीत. शरीराचे तापमान, स्नायूंचा रंग आणि लघवीचा रंगही सोबत पाहतात.